तीन नंबरचा सिलिंडर

चिपळूणहून कराडकडे येताना पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. महिन्यातून एकदा तरी मी तो चढते, कारण आईला कराडला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे आणायचं असतं. २०२४ च्या जुलैतला असाच एक रविवार होता. घाटात धुकं, पुढे भरलेला ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती. एका वळणावर तिने दोन-तीन झटके खाल्ले आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. स्टेअरिंग थरथरत होतं, आरसा थरथरत होता. मागे बसलेली आई म्हणाली, "काय गो, ही अशी कापते का?"

इंजिन बंद करून चहा घेतला, पंधरा मिनिटांनी परत चालू केलं. दिवा आता उघडझाप न करता स्थिर पेटलेला होता. हेळवाक, कोयनानगर, पाटण या सपाट रस्त्याला गाडी साठच्या वेगाने काहीच झालं नसल्यासारखी आली. कराडात सिग्नलला थांबले आणि पुन्हा तीच थरथर.

गाडी २०१८ च्या नोव्हेंबरात बनलेली, चार सिलिंडरच्या इंजिनची, कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली. तेव्हा ७८,००० किलोमीटर झाले होते. मी परिचारिका आहे, गाड्यांमधलं मला काही कळत नव्हतं. पुढच्या अडीच महिन्यांत जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण सीएनजीची गाडी वापरणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणांवर ही वेळ येत असणार आणि त्यांचेही पैसे नको तिथे जात असणार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. तिथल्या दादांनी बॉनेट न उघडता नुसता कान देऊन सांगितलं, "ताई, मिसिंग मारतीया. एक सिलिंडर काम करंना."

मिसिंग हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की नेमकं काय चुकतंय हे कुणी विचारत नाही. मी विचारलं, पुढे स्वतः वाचलंही. सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन येतं, दाबलं जातं, ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनच्या धक्क्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, क्रँकशाफ्टच्या, दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, चारही सिलिंडरची पाळी एकेकदा येते. म्हणजे दर १८० अंशांना एक धक्का. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर मिनिटाला १६०० धक्के झाले. त्यातला एक धक्का बसला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो. क्रँकच्या दातेरी चक्राशेजारी एक सेन्सर दात मोजत बसलेला असतो. कुणाच्या पाळीला चक्र मंदावलं हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, त्यावरून कळतं आणि तो त्या सिलिंडरच्या नावाने कोड टाकतो. पी ०३०१ ते पी ०३०४, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० आला तर मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. खूप खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे दणके उलट्या वाटेने क्रँकपर्यंत पोचतात आणि ईसीयूची फसगत होऊ शकते. त्यामुळे कोड आला म्हणजे मिसिंग आहेच असंही शंभर टक्के धरता येत नाही.

आणि तो उघडझाप करणारा दिवा. तो स्थिर पेटला तर गाडी दाखवायला न्यायची. उघडझाप करत असेल तर त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, जमेल तिथे थांबायचं. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून आतून वितळू शकतो, आणि तो भाग फार महाग असतो. गाडी घेताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तिकेत मात्र लिहिलेलं आहे.

दादांनी स्कॅनर लावला. पी ०३०३ आला. मी वाकून बघेपर्यंत त्यांनी बटण दाबून कोड पुसला आणि म्हणाले, "दिवा घालवला बघा." प्लग काढून साफ केले, पेट्रोलमधल्या इथेनॉलला दोष दिला, पैसेही घेतले नाहीत. भला माणूस. पण त्या एका बटणाने सगळ्यात कामाची माहिती गेली. कोड पडतो त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, कूलंटचं तापमान किती, वेग किती, इंजिनवर भार किती, हे सगळं ईसीयू कोडसोबत गोठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही पुसली जाते.

चार दिवसांनी दिवा परत लागला. मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. ॲडव्हायझरने कोड बघितला आणि लगेच म्हणाला, "मॅडम, या मॉडेलला कॉइलचं सर्क्युलर आलंय. तीन नंबरची कॉइल आणि प्लगचा सेट बदलून टाकू." कॉइल प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवते. सर्क्युलर म्हणजे कंपनीने आपल्या वर्कशॉपना पाठवलेलं तांत्रिक पत्रक, ज्याला कागदोपत्री सर्व्हिस बुलेटिन म्हणतात. कंपनीनेच कळवलंय म्हटल्यावर मला हायसं वाटलं. बिल झालं ६,४०० रुपये. काढलेले पार्ट मी मागून घेतले. ही सवय माझ्या वडिलांची, ते रिक्षाचेसुद्धा जुने पार्ट घरी आणायचे. या खेपेला ती सवय फार उपयोगी पडली.

दोन आठवडे दिवा लागला नाही. मी समजले की झालं. पण त्या दोन आठवड्यांत मी फक्त घर ते हॉस्पिटल एवढीच गाडी चालवली, जेमतेम चार किलोमीटर. तेवढ्यात इंजिन पुरतं तापतही नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी चिपळूणला गेले, रविवारी आईला घेऊन घाट चढले, आणि घाटमाथ्यावर तेच.

परत सर्व्हिस सेंटर. गाडी रात्री ठेवून घेतली, सकाळी साडेनऊला टेस्ट ड्राइव्ह झाली आणि जॉब कार्डवर शेरा आला: तक्रार आढळली नाही. खरंच आढळली नसणार. रात्रभर थंड झालेली गाडी, दोन किलोमीटरचा फेरा. त्या दिवशी मला खूप राग आला. पण घरी आल्यावर विचार केला की ताप रात्री चढतो असं सांगणाऱ्या पेशंटला आम्ही सकाळी थर्मामीटर लावून घरी पाठवतो का? त्याला चार्ट लावतो. मग गाडीचाही लावू.

एक शंभर पानी वही केली. तारीख, किलोमीटर, इंजिन थंड की गरम, पेट्रोलवर की सीएनजीवर, गाडी उभी की चालू, काय झालं. अकराशे रुपयांना गाडीचे कोड वाचणारा, ओबीडीचा छोटा डोंगल मागवला. स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर आकडे दिसतात. पुढचा कोड पडला तेव्हा पुसण्याआधी मी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढला. फेरे ७६०, तापमान ९४ अंश, वेग शून्य.

तो शून्य मी कितीतरी वेळ बघत बसले. मी सगळ्यांना सांगत होते, "घाटात प्रॉब्लेम येतो." ऐकणाऱ्याला वाटणार चढावर, भाराखाली, पिकअपला. म्हणजे पहिला संशय ठिणगीवर, कारण भार वाढला की कमजोर कॉइल किंवा प्लग आधी मार खातात. त्यातून सीएनजीला पेट्रोलपेक्षा ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पण कोड पडला तेव्हा गाडी घाटात ओढत नव्हती, चढून आल्यावर उभी होती. वहीत बारा नोंदी झाल्या तेव्हा चित्र साफ दिसलं. सकाळी कधीच नाही. वीस मिनिटांच्या आत कधीच नाही. हमरस्त्याला ऐंशीवर कधीच नाही. लांब चढ चढून किंवा भर दुपारी गर्दीतून आल्यावर, इंजिन पुरतं तापलेलं असताना, कमी फेऱ्यांवर. त्या दिवशी ट्रकच्या मागे दिवा लागला तोही अगदी कमी फेऱ्यांवर रांगतानाच.

आणखी एक गोष्ट मी घाटमाथ्यावर उभ्या गाडीत करून बघितली. थरथर चालू असताना सीएनजीचं बटण दाबून पेट्रोलवर घेतली. फरक नाही. परत सीएनजीवर घेतली. फरक नाही. या गाडीत दोन्ही इंधनांची इंजेक्टर वेगवेगळी आहेत. तीन नंबरचं पेट्रोलचं इंजेक्टर आणि तीन नंबरचं गॅसचं इंजेक्टर एकाच वेळी, एकाच तऱ्हेने बिघडायचं कारण नव्हतं. म्हणजे इंजेक्टर सुटले, इथेनॉलही सुटलं. राहिलं ते दोन्ही इंधनांना सामाईक असलेलं: ठिणगी, किंवा सिलिंडरमधला दाब.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही, फोटो आणि जुनी कॉइल असलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन मी थेट वर्क्स मॅनेजरांना भेटले. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग मी म्हटलं, "साहेब, ज्या सर्क्युलरवरून माझी कॉइल बदलली ते मला वाचायचंय."

"ग्राहकांना देता येत नाही, मॅडम."

"देऊ नका. वाचू द्या."

ॲडव्हायझरच्या केबिनमधल्या बोर्डावर त्याची प्रिंट टाचलेली होती. ती मॅनेजरांनी काढून आणली, शिवाय कॉम्प्युटरवरही उघडली आणि मला शेजारी खुर्ची दिली. अर्धा तास लागला वाचायला.

बुलेटिनची रचना साधी असते, पण आपण आणि वर्कशॉपवालेही मधली दोन वाक्यं वाचून मोकळे होतो. सुरुवातीला क्रमांक आणि तारीख. मग कुठल्या मॉडेलला, कुठल्या इंजिनला आणि कुठल्या चासिस नंबरपासून कुठल्या चासिस नंबरपर्यंत लागू. मग ग्राहकाची तक्रार, त्यामागचं कारण, खात्री कशी करायची, दुरुस्ती काय, जुन्या पार्टचा नंबर, नव्या पार्टचा नंबर, मजुरीचा कोड, आणि शेवटी वॉरंटीबद्दल चार ओळी. ॲडव्हायझरने वाचली होती तक्रार आणि दुरुस्ती. माझं सगळं उत्तर बाकीच्या ओळींत होतं.

एक तर बोर्डावरची प्रिंट जुनी होती. कॉम्प्युटरवरच्या बुलेटिनच्या माथ्यावरच लिहिलेलं होतं की हे आधीच्या अमुक क्रमांकाच्या बुलेटिनच्या जागी आलं आहे, आधीचं वापरू नये. नव्यात चासिस नंबरची मर्यादा आखडती घेतली होती: सदोष कॉइल फक्त २०१८ च्या ऑगस्टपर्यंत बनलेल्या गाड्यांत गेल्या होत्या. माझी नोव्हेंबरची. मी पिशवीतली जुनी कॉइल काढली, रुमालाने पुसली. काळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या बारीक अक्षरात पार्ट नंबर, शेवटी एक अक्षर. बुलेटिनमध्ये जुन्या पार्टच्या शेवटी एक अक्षर आणि सुधारित पार्टच्या शेवटी त्याच्या पुढचं. माझ्या कॉइलवर पुढचं अक्षर होतं. म्हणजे गाडी कारखान्यातूनच सुधारित कॉइल घेऊन आली होती आणि तीच काढून तसलीच नवी बसवली होती. मॅनेजरांनी चष्मा कपाळावर सरकवून कॉइल डोळ्यांजवळ नेली, दोनदा वाचली, आणि टेबलावर ठेवली.

दुसरं म्हणजे नव्या बुलेटिनमध्ये खात्री करण्याची पायरी घातलेली होती, जी जुन्यात नव्हती. तीन नंबरची कॉइल एक नंबरला लावा, एकची तीनला. गाडी चालवून पुन्हा कोड बघा. कोड कॉइलबरोबर एकवर सरकला तर दोष कॉइलचा. तीनवरच राहिला तर कॉइल बदलू नका. दहा मिनिटांचं काम, फुकटचं. ते झालं असतं तर माझे पैसे आणि महिनाभराची धावपळ वाचली असती. मी हे त्यांना आवाज न चढवता सांगितलं. त्यांनी मान्य केलं. म्हणाले, "आता आधी शोधू, मग बदलू. गाडी दोन दिवस ठेवा."

मी दोन्ही दिवस रजा टाकून तिथे बसले. काम करणारा मुलगा पाटणकडचा, आयटीआय झालेला, हाताने फार स्वच्छ. एकेक गोष्ट करताना मला दाखवत होता. मॅनेजरांनी त्याला गाडी आधी चाळीस किलोमीटर पळवून आणायला लावली, कारण वहीत गरम लिहिलं होतं. आल्यावर कंपनीच्या स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचा मिसिंगचा मोजणारा आकडा लावला. उभ्या गाडीत दहा मिनिटांत एक, दोन आणि चार नंबर शून्यावर. तीन नंबर ५३. कॉइल एकला फिरवली, प्लग दोनला फिरवला. आकडा तीनवरच वाढत राहिला. ठिणगी सुटली.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चारही प्लग काढायचे, इंधन आणि ठिणगी तोडायची, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, प्लगच्या भोकात गेज आवळायचा आणि काटा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. आकडे मी वहीत लिहून घेतले: १७२, १७०, १०४, १७१ पीएसआय. तो मुलगा तिसऱ्या आकड्याकडे बघून हसला, पहिल्यांदाच. "सापडला, मॅडम."

पण सापडला म्हणजे दाब कमी आहे हे सापडलं. तो जातोय कुठून? त्याने तीन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट तात्पुरती बुजून आकडा वर गेला असता. तो १०८ झाला, म्हणजे रिंगा ठीक. मग पिस्टन वर आणून, हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) सगळे वॉल्व्ह बंद असायच्या स्थितीत, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली. शेडमधला दुसरा कॉम्प्रेसर बंद करायला लावला, सगळे गप्प झाले. रेडिएटरचं झाकण तो आधीच उघडून बसला होता, त्यात बुडबुडे नव्हते, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, हेडचं, गॅस्केट शाबूत. ऑइलच्या झाकणापाशी कान लावला, विशेष काही नाही. एअर फिल्टरच्या नळीशी, काही नाही. मग मला मागे बोलावलं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरायला सांगितलं. तळहाताला हवेची बारीक, गार धार लागत होती, आणि वाकल्यावर सुस्स असा आवाज. एक्झॉस्ट वॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर टॅपेट कव्हर उघडलं. या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रूचे आहेत. म्हणजे वॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात हाताने ठरवलेली फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की दांडी लांबते, त्या लांबण्याला जागा हवी. पुस्तकात एक्झॉस्टची फट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर दिलेली. फिलर गेज म्हणजे पातळ पोलादी पानांचा पंखा, प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली. एक, दोन आणि चार नंबरला ०.१४ ते ०.१६ ची पानं गेली, म्हणजे तिथेही फट कमीच झाली होती. तीन नंबरच्या दोन एक्झॉस्ट वॉल्व्हपैकी एकाला ०.०५ चं पान कसंबसं गेलं. दुसऱ्याला गेजमधलं सगळ्यात पातळ ०.०४ चं पानही शिरेना. त्याने पान माझ्या हातात दिलं. मी करून बघितलं. पान वाकलं, आत गेलं नाही.

थंडीत जिथे चार शतांश मिलिमीटरसुद्धा जागा नाही, तिथे घाट चढून तापलेल्या वॉल्व्हला बसायला जागा कुठली? दांडी लांबायची, रॉकरला टेकायची, आणि वॉल्व्ह केसभर उघडा राहायचा. फेरे जास्त असले की हवेला निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून हमरस्त्याला काही कळत नव्हतं. कमी फेऱ्यांवर तो वेळ मिळायचा. वहीतल्या बाराच्या बारा नोंदींचा हिशेब त्या एका पानाने लागला.

फट कमी का झाली, हे मला सगळ्यात नवल वाटलेलं. झीज झाली की वस्तू सैल होते असं आपण धरतो. इथे उलटं आहे. सीएनजी कोरडं इंधन, वॉल्व्ह आणि त्याची बसायची कडी यांच्यातली झीज त्याने जास्त होते. कडी झिजली की वॉल्व्ह हेडमध्ये आणखी वर शिरतो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि फट आवळत जाते. सैल टॅपेट टिकटिक आवाज करतो, त्यामुळे लगेच कळतो. आवळलेला टॅपेट मुका असतो. माझी गाडी गेली दोन वर्षं फार शांत चालते म्हणून मी कौतुकाने सांगत असे.

तेवढ्यात मॅनेजर पुन्हा कॉम्प्युटरवर बसले होते. पी ०३०३ टाकून शोधलं की कॉइलचंच बुलेटिन वर येतं. त्यांनी या वेळी कोड न टाकता लक्षण टाकलं: गरम असताना खडबडीत आयडलिंग (म्हणजे उभ्या गाडीतली थरथर), सीएनजी. चौदा महिन्यांपूर्वीचं एक बुलेटिन निघालं. ते ठिणगीच्या विभागात नव्हतंच, इंजिनच्या यांत्रिक भागांत होतं. सीएनजीच्या सगळ्या गाड्यांना लागू, चासिस नंबरची अट नाही. त्यात होतं की सर्व्हिसच्या तक्त्यात "टॅपेटचा आवाज असल्यास तपासा" असं जे छापलं आहे ते सीएनजी गाड्यांसाठी रद्द समजावं, आणि आवाज असो वा नसो, ४०,००० किलोमीटरला फट प्रत्यक्ष मोजावी. मिसिंग असेल तर आधी फट मोजून लावावी, मग गरम कॉम्प्रेशन बघावं. ते ठरावीक आकड्याच्या वर आलं तर हेड उतरवू नये, ५,००० किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजावी. नाही आलं तरच हेड उतरवून वॉल्व्ह आणि कड्या बघाव्यात. माझ्या गाडीच्या सहाही सर्व्हिसिंगच्या तक्त्यांवर टॅपेटसमोर बरोबरची खूण आहे. टॅपेट कव्हर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं, कव्हरच्या स्क्रूंवरचा कारखान्याचा रंग तुटलेला नव्हता.

सोळाही टॅपेट लावले. त्या मुलाने एक्झॉस्टला ०.२५ चं पान घालून मला ओढून बघायला दिलं: अडकलं नाही पाहिजे, सुळकन निघालंही नाही पाहिजे, थोडं धरल्यासारखं वाटलं पाहिजे. कव्हरला नवं गॅस्केट घातलं, गाडी पळवून आणली, गरम कॉम्प्रेशन घेतलं. १७१, १७०, १६१, १७२. बुलेटिनच्या आकड्याच्या वर. मिसिंगचा आकडा दहा मिनिटांत चारही सिलिंडरला शून्य. हेड वाचलं. मी आणखी सहा महिने तशीच चालवली असती तर वॉल्व्हची कडा जळून गेली असती, असं मॅनेजर म्हणाले.

पैशांचं सांगते. बुलेटिन आहे म्हणजे दुरुस्ती फुकट, असा माझा समज होता. तसं नाही. बुलेटिन हे कंपनीने वर्कशॉपला दिलेलं ज्ञान आहे. त्यावरून होणारं काम वॉरंटीत असेल तरच फुकट, आणि माझी वाढीव वॉरंटी संपून आठ-नऊ महिने झाले होते. टॅपेटचे २,२०० रुपये मी भरले, आनंदाने भरले. कॉइलचं मात्र लेखी अर्ज देऊन मागितलं, बुलेटिनचा क्रमांक आणि माझा चासिस नंबर घालून, कारण त्यांच्याच कागदाप्रमाणे ती बदलायची नव्हती. तीन आठवड्यांनी कॉइलची किंमत आणि मजुरी परत मिळाली. प्लगचे पैसे मी मागितले नाहीत, ते बदलायला झालेच होते.

रिकॉल वेगळा. तो सुरक्षिततेच्या दोषासाठी असतो, कंपनी ग्राहकाला स्वतः कळवते आणि दुरुस्ती फुकट होते. आपल्याकडे वाहन उद्योगाच्या संघटनेने २०१२ मध्ये त्यासाठी ऐच्छिक नियमावली केली, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, ज्याखाली केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. बुलेटिनला असं काही नाही. ग्राहकाला ते आहे हेसुद्धा कळत नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने सांगितलं की तिकडे कंपन्यांनी डीलरना पाठवलेली अशी पत्रकं महामार्ग सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. गाडीचं वर्ष आणि मॉडेल टाकायचं. त्याने स्वतःच्या गाडीचं उघडून दाखवलं, तीच रचना, तीच मधली पायरी. आपल्याकडेही हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. चौदा महिने एक कागद कराडच्या त्या कॉम्प्युटरमध्ये पडून होता आणि माझी गाडी त्याच शेडमध्ये चार वेळा येऊन गेली होती.

तोवर एवढंच करता येतं की जॉब कार्ड करताना स्पष्ट विचारायचं: या लक्षणावर बुलेटिन आहे का, सध्याचं तेच आहे का, माझा चासिस नंबर त्यात बसतो का, आणि खात्रीची पायरी केली का. मी आता चारही प्रश्न जॉब कार्डावर लिहायला लावते. पहिल्यांदा ॲडव्हायझरला ते आवडलं नाही. आता तो माझी गाडी दिसली की स्वतःच स्क्रीन माझ्याकडे वळवतो.

गल्लीतल्या दादांना मी वही नेऊन दाखवली. त्यांनी १०४ आणि १६१ या दोन आकड्यांवर बोट ठेवून सगळं नीट विचारून घेतलं. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे एक सीएनजीची गाडी मिसिंगची तक्रार घेऊन आली. त्यांनी कोड पुसण्याआधी मोबाइलने फोटो काढला आणि मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, वेग शून्य, पाणी ९६. टॅपेट बघू का?"

वहीतली शेवटची नोंद २०२५ च्या मार्चमधली आहे. ८४,७०० किलोमीटर, थंड इंजिन, तीन नंबर एक्झॉस्ट ०.२२ आणि ०.२१, बाकी ०.२४. सगळे परत ०.२५ ला लावले. पुढची मोजणी ९०,००० ला.